धावपट्टीच्या वाटेंतील गांव

हीथ्रो हें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेलें असेल. मुंबईहून लंडनास जाणारा प्रवासी बहुधा ह्याच विमानतळावर प्रथम पाय ठेवतो. परंतु हें नांव मुळांत विमानतळाचें नव्हे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. लंडन शहराच्या पश्चिमेस, भाजीपाल्याच्या आणि फळबागांच्या सुपीक प्रदेशांत, माळरानाच्या कडेला घरांची एक ओळ वसली होती; त्या वाडीचें नांव हीथ्रो. इ. स. १९४४ सालीं, महायुद्ध चालूं असतां, सरकारनें युद्धकाळच्या खास अधिकारान्वयें ती जमीन ताब्यांत घेतली, घरें पाडलीं आणि मळे सपाट केले. १९४६ सालीं तेथूनच नागरी विमानें उडूं लागलीं. वाडी गेली, नांव तेवढें राहिलें. आज जगांतील कोट्यवधि लोक त्या नांवाचा उच्चार करितात, पण तेथें कधीं कोणाची चूल पेटत होती, हें त्यांच्या मनांतही येत नाहीं.

ह्या नाहींशा झालेल्या वाडीचें एक शेजारगांव अद्यापि उभें आहे. त्याचें नांव हार्मंड्सवर्थ. विमानतळाच्या उत्तरेचा बाथ रोड हा जुना राजमार्ग ओलांडून थोडें चालत गेलें म्हणजे हें गांव लागतें. इंग्लंडांत जाणाऱ्या आपल्याकडील मंडळींस ‘एखादें खरें इंग्रजी खेडें पाहावें’ अशी हौस असते, आणि त्यासाठीं ती दूरदूरचे प्रांत धुंडाळतात. आम्हीं मात्र महानगराच्या अगदीं वेशीवरील हें गांव पाहिलें, आणि आमचें म्हणणें असें आहे कीं, इंग्लंडविषयीं व एकंदर मनुष्याच्या प्रगतीविषयीं जो धडा येथें मिळतो, तो चित्रांतल्यासारख्या सुबक खेड्यांत मिळणें कठीण आहे.

राज्यकारभाराच्या दृष्टीनें हें गांव लंडन महानगराच्या हिलिंग्डन विभागांत मोडतें. तथापि गांवांत शिरतांच शहराची आठवण राहत नाहीं. मधोमध लहानशी हिरवळ, तिच्या भोंवतीं जुनीं विटांचीं घरें, दोन जुनीं मद्यगृहें, जवळच एक प्राथमिक शाळा, आणि झाडांच्या आडून डोकावणारा चर्चचा तांबड्या विटांचा मनोरा. पलीकडे प्रचंड विमानें क्षणाक्षणाला चढत-उतरत असतां येथें शांतता कशी, असा प्रश्न आम्हांसही पडला. त्याचें कारण साधें आहे. विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम अशा असून गांव त्यांच्या उत्तरेस आहे. म्हणून विमानें गांवाच्या बाजूनें जातात, डोक्यावरून जात नाहींत. गुरगुर कानीं येते खरी; परंतु तिच्यामधून पांखरांचा आवाज ऐकूं येण्याइतकी उसंत येथें अजून आहे.

गांवाचें खरें वैभव म्हणजे येथील धान्याचें कोठार. तें इ. स. १४२६ च्या सुमारास बांधलें गेलें. त्याची लांबी १९२ फूट आहे, आणि त्याची चौकट सबंध ओक लाकडाची आहे. आंत पाऊल टाकलें म्हणजे दोहों बाजूंस खांबांच्या रांगा आणि वर अंधारांत चढत गेलेल्या तुळ्या दिसतात, व आपण कोठारांत आहों कीं देवालयांत, असा क्षणभर संभ्रम पडतो. कवि जॉन बेचमन ह्यांनीं त्यास मिडलसेक्स परगण्याचें कॅथीड्रल म्हटलें, तें उगीच नव्हे. आमच्या विद्यार्थिवाचकांस आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हें कोठार कोणा सरदारानें बांधलें नाहीं. तें एका शाळेनें बांधलें. विल्यम ऑफ वायकम ह्या बिशपांनीं १३८२ सालीं विंचेस्टर कॉलेज हें विद्यालय स्थापिलें, आणि त्याच्या खर्चाची कायमची तरतूद व्हावी म्हणून १३९१ सालीं हार्मंड्सवर्थची जमीन विकत घेतली. येथील शेतकऱ्यांनीं पिकविलेल्या गव्हा-जवांवर दूरच्या गांवीं मुलें लॅटिन शिकलीं. विद्येच्या प्रत्येक इमारतीखालीं कोणाच्या तरी शेताची माती असते, हें ह्याहून स्पष्ट कोठें दिसणार?

सुमारें साडेपांच शतकें हें कोठार शेतीच्या उपयोगांत होतें. पुढें मालकी बदलत गेली, डागडुजी थांबली, आणि छपरांतून पाणी गळूं लागलें. अखेरीस इंग्लिश हेरिटेज ह्या संस्थेनें तें २०,००० पौंडांस विकत घेतलें. ही वार्ता २०१२ च्या आरंभीं प्रसिद्ध झाली. दुरुस्ती तज्ज्ञांनीं केली. परंतु दार उघडण्याचें, पाहुण्यांस माहिती सांगण्याचें काम परिसरांतील स्वयंसेवक करितात. उन्हाळ्याच्या महिन्यांत ठराविक रविवारीं तें सर्वांस विनामूल्य खुलें असतें. ‘गांव करी तें राव न करी’ ही आपली म्हण तेथील लोकांस ठाऊक नसेल. तिचा अर्थ मात्र त्यांस पक्का कळलेला आहे.

कोठाराजवळच सेंट मेरीचें चर्च आहे. त्याचें एक कोरीव दार बाराव्या शतकांतील आहे. त्याच्या आवारांत रिचर्ड कॉक्स नांवाच्या गृहस्थांस १८४५ सालीं मूठमाती मिळाली. हे कोणी मोठे सेनापति नव्हते. धंद्यांतून निवृत्त झालेले एक मद्योत्पादक. जवळच्या कोलनब्रूक गांवीं त्यांनीं हौसेनें बाग केली, आणि १८२५ च्या सुमारास एका बीपासून सफरचंदाचें एक झाड वाढविलें. ‘कॉक्सेस ऑरेंज पिपिन’ म्हणून जें सफरचंद इंग्लंडांत घरोघर आवडीनें खाल्लें जातें, त्याचें मूळ तें झाड. तें झाड आज नाहीं. परंतु त्याचीं कलमें देशोदेशीं फळत आहेत.

असें हें गांव पुसून टाकावें कीं काय, हा प्रश्न गेलीं कित्येक वर्षें इंग्लंडापुढें आहे. हीथ्रोच्या दोन धावपट्ट्यांवरून वर्षाकांठीं ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा आहे, आणि ती जवळजवळ भरलेली आहे. म्हणून तिसरी धावपट्टी हवी. २००९ सालीं एका सरकारनें तिला संमति दिली. तेव्हां सिप्सन हें शेजारचें गांव जाणार होतें. २०१० सालीं नव्या सरकारनें तो बेत रद्द केला. २०१५ सालीं सरकारनें नेमलेल्या आयोगानें निराळ्या जागीं धावपट्टीची शिफारस केली. ह्या आराखड्याप्रमाणें ७८३ घरें जाणार होतीं. लाँगफर्ड गांव सगळें आणि हार्मंड्सवर्थचा बहुतेक भाग त्यांत येत होता. २०१८ च्या जूनमध्यें पार्लमेंटाच्या कनिष्ठ सभागृहानें ४१५ विरुद्ध ११९ मतांनीं ह्या धोरणास मान्यता दिली. २०२० च्या फेब्रुवारींत वरिष्ठ न्यायालयानें तें बेकायदा ठरविलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. २०२५ च्या जानेवारींत अर्थमंत्री रेचल रीव्ह्‌ज ह्यांनीं तिसऱ्या धावपट्टीस सरकारचा पाठिंबा असल्याचें पुन्हां जाहीर केलें.

वाचकहो, ह्या तारखा आम्हीं मुद्दाम दिल्या आहेत. कुऱ्हाड एकदां पडली तर मनुष्य रडून मोकळा होतो. ती वर्षानुवर्षें डोक्यावर टांगलेली असली म्हणजे त्यानें काय करावें? अशा गांवीं तरुणानें घर घ्यावें काय? दुकानदारानें दुकान वाढवावें काय? म्हाताऱ्यानें अंगणांत पांच वर्षांनीं फळणारें झाड लावावें काय? धावपट्टीचा एकही दगड बसण्यापूर्वींच गांव आंतून पोखरलें जातें, आणि ह्या हानीचा आकडा कोणत्याही आयोगाच्या अहवालांत पुरता उतरत नाहीं.

दुसरी बाजू आम्ही नाकारीत नाहीं. ह्या विमानतळावर हजारों कुटुंबांचें पोट आहे. साउथॉल आणि हाउन्स्लो ह्या जवळच्या उपनगरांत आपल्या देशांतून गेलेले कितीतरी लोक राहतात, आणि त्यांतील पुष्कळांस येथेंच रोजगार मिळालेला आहे. शिवाय आम्ही स्वतः तेथें गेलों ते विमानानेंच गेलों. विमानांत बसून जावयाचें आणि विमानतळास शिव्या द्यावयाच्या, हा दांभिकपणा आम्हांस करावयाचा नाहीं. परंतु जो लाभ घेतो त्यानें किंमत कोण देतो हें विचारूंच नये, असें थोडेंच आहे? उलट, विचारण्याचें पहिलें कर्तव्य त्याचेंच आहे.

आमचें मत थोडक्यांत असें. जी वस्तु पुन्हां निर्माण करतां येते ती आणि जी येत नाहीं ती, ह्या दोहोंस एकाच तराजूंत तोलूं नये. घराची किंमत देतां येते. बाजारभावाहून अधिकही देतां येते. शेजार कशानें देणार? कोठार आणि चर्च वाचवूं, असें आश्वासन दिलें जातें. तीं वाचलीं असें धरून चालूं. पण ज्या कोठाराचें दार उघडणारे शेजारी उरले नाहींत, ज्या चर्चच्या आवारांतील थडग्यांवर फुलें ठेवणारे हात दूर पांगले, तीं कुंपणाच्या कडेला उभीं असलेलीं नुसतीं लाकडें आणि विटा होत. कॉक्स ह्यांच्या झाडाचें कलम करून तें दुसरीकडे लावतां आलें. गांवाचें कलम होत नाहीं. म्हणून जो मोडावयास निघाला आहे त्याच्यावरच सिद्धतेचा भार असावा. ‘दुसरा उपाय उरला नाहीं’ हें त्यानें दाखवावें. ‘आम्हांस राहूं द्या’ म्हणून गांवानें पिढ्यान्‌पिढ्या हात जोडीत बसूं नये. तिसऱ्या धावपट्टीच्या बाबतींत ही सिद्धता आम्हांस अद्यापि झालेली दिसत नाहीं.

ह्या सावधगिरीस इतिहासाचा आधार आहे. १९४४ सालीं जमीन घेतली ती लष्करी गरज म्हणून. त्या वेळीं विमानखात्याचे उपमंत्री असलेले हॅरल्ड बॅल्फर ह्यांनीं १९७३ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत कबूल केलें कीं, खरा हेतु युद्धानंतरच्या नागरी विमानतळाचा होता, आणि लष्करी गरजेचें कारण सहकाऱ्यांपुढें केवळ पुढें केलें होतें. हीथ्रोच्या रहिवाशांस हें कळलें तेव्हां त्यांच्या घरांवरून डांबर पसरून तीस वर्षें होत आलीं होतीं. ‘राष्ट्राची गरज’ हा शब्द फार वजनदार आहे. म्हणूनच तो उच्चारणाऱ्याकडून पुरावा मागणें हा राष्ट्रद्रोह नसून नागरिकाचा धर्म आहे.

हें सारें परदेशचें, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यानें पनवेलकडे दृष्टि टाकावी. २०२५ च्या ऑक्टोबरांत नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. त्यासाठीं उलवेची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे इत्यादि दहा गांवांतील लोकांनीं आपलीं घरें सोडलीं. त्यांस विकसित भूखंड मिळाले, मोबदला मिळाला. मुंबईस दुसरा विमानतळ हवा होता, हेंही खरें. परंतु त्या गांवांचीं नांवें, तेथील शेतें, खाडीवरची मासेमारी, देवळें आणि जत्रा ह्यांची नोंद कोणी करून ठेविली काय? आणखी पन्नास वर्षांनीं ‘कोल्ही’ हा शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्यास कांहीं आठवेल काय? हार्मंड्सवर्थचे लोक लढत आहेत, आणि लढतां लढतां आपल्या गांवाचा इतिहास जगास सांगत आहेत. निदान हें दुसरें काम तरी आपणांस करतां येण्याजोगें आहे.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कित्येक पुढें अभियंते होतील, कित्येक अधिकारी होतील. नकाशावर सरळ रेघ ओढण्याचा अधिकार त्यांच्या हातीं येईल. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, रेघ ओढण्यापूर्वीं त्या जागीं एकदां पायीं जाऊन यावें. तेथील शाळेची घंटा ऐकावी, म्हाताऱ्या माणसांशीं बोलावें, आणि कोठाराचें दार कोण उघडतो हें विचारावें. त्यानंतरही रेघ तेथूनच न्यावी लागली, तर ती जड हातानें ओढली जाईल. आणि ज्यांच्या घरांवरून ती जाते त्यांस निदान खरें कारण सांगितलें जाईल.