वितळवणे म्हणजे जाळणे नव्हे



'घरी प्लॅस्टिक वितळवणे म्हणजे विष पसरवणे' हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे सरसकट विधान पटले नाही. वितळवणे आणि जाळणे यांत तापमानाचा फरक आहे. शाम्पूच्या ज्या बाटलीवर त्रिकोणात २ हा आकडा असतो, तिचे एचडीपीई प्लॅस्टिक सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते. थर्मोस्टॅट असलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांच्या आसपास त्याचा साच्यात दाबण्याजोगा मऊ गोळा होतो. धूर दिसला की प्लॅस्टिक करपू लागले, असे समजून ओव्हन ताबडतोब बंद करावा. गॅसच्या शेगडीवर हा ताबा राहत नाही.

पीव्हीसीबाबत मात्र त्यांची भीती रास्त आहे. नळाचे पाइप, वायरींचे आवरण, ३ आकड्याच्या वस्तू तापवल्या की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि कापडी मास्क तो अडवत नाही.

बाकी पथ्ये साधी आहेत: तुकडे पूर्ण कोरडे, हातात चामडी मोजे, हवा खेळती आणि ओव्हन स्वयंपाकाचा नव्हे, वेगळा. ओल्या तुकड्यांतल्या पाण्याची वाफ होऊन तापलेले प्लॅस्टिक अंगावर उडते.

ज्या तुकड्यावर आकडा सापडत नाही, तो वितळवू नका, भंगारवाल्याला द्या.

– एक वाचक, नाशिक