चहा करावयास शिकणें

चहा कसा करावा हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. ज्या घरांत दिवसांतून चार वेळां चहा होतो, तेथें तो निराळा शिकावा लागतो काय? आमचें म्हणणें असें कीं, लागतो; आणि मुलींइतकाच मुलांसही लागतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मातोश्री तापानें अंथरुणास खिळल्या होत्या. आम्ही पदवीधर, वर्गांत बाष्पीभवन शिकविणारे. पण चहा करण्याची पाळी आली तेव्हां पाणी, दूध, साखर व पूड हीं सर्व एकदमच पातेल्यांत घालून पाव तास उकळत ठेविलीं. तो कडू काढा मातोश्रींनीं मुकाट्यानें घेतला व इतकेंच म्हणाल्या, "हें तुला मींच शिकवायला हवं होतं." तें वाक्य आम्हांस अद्यापि बोंचतें.

चहाचें झाड आसामच्या रानांत मूळचेंच आहे. तेथील सिंगफो लोक तें वापरीत असत, व १८२३ सालीं रॉबर्ट ब्रूस यास त्यांच्याकडूनच त्याची माहिती मिळाली. १८३९ सालीं आसामचा चहा लंडन येथें प्रथम लिलावांत विकला गेला. पुढें पुष्कळ वर्षें बहुतेक माल परदेशींच जाई. १९०३ सालीं चहावरील उपकराचा कायदा झाला आणि त्या पैशांतून या देशांतही खप वाढविण्याची खटपट सुरू झाली. म्हणजे जें पेय आपण पिढीजात समजतों, तें आपल्या बहुतेक घरांत तसें अलीकडेच आलें आहे. तें आलें, पण करण्याची रीत मात्र ज्याची त्यानें बसविली.

आतां रीत सांगतों. चार कपांस साडेतीन कप ताजें पाणी मोजून घ्यावें व त्यास खळखळून आधण येऊं द्यावें. चिनी मातीची किटली गरम पाण्यानें विसळून तींत चार लहान चमचे पूड घालावी, वर आधणाचें पाणी ओतून झांकण लावावें. किटली नसल्यास पातेलें खालीं उतरवून त्यांतच पूड घालावी व झांकण ठेवावें. दाणेदार पूड पानें चुरडून, फाडून व वळवून केलेली असते. तिचा रंग लौकर उतरतो, म्हणून तीन मिनिटें पुरेत. अखंड पातीच्या चहास पांच मिनिटें द्यावीं. मग लगेच गाळावा. दूध निराळें तापवून बेताचें घालावें व साखर ज्याची त्यानें घ्यावी. चहाची पारख करणारांसाठीं १९८० सालीं जें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें, त्यांत १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा व ६ मिनिटें सांगितलीं आहेत. परंतु तें परीक्षेसाठीं आहे, घरासाठीं नव्हे.

यांतील कारण समजून घेण्याजोगें आहे. पानांतील सुगंध वाफेबरोबर उडून जातो. तुरट द्रव्यें मात्र जों जों उकळावें तों तों अधिक उतरतात. मग कडूपणा झांकण्यास साखर वाढते, तुरटपणा झांकण्यास दूध वाढतें, आणि दुधाखालीं चहा दिसेनासा झाला म्हणजे पुन्हां पूड वाढते. गरीब घरास हा फेरा महिनाअखेर चांगलाच जाणवतो. आलें व गवती चहा यांचे आम्ही वैरी नाहीं. तीं पाण्याबरोबर खुशाल उकळावीं, कारण त्यांचा स्वाद उकळूनच उतरतो. पूड मात्र शेवटीं घालावी.

आणखी एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. जेवणाबरोबर किंवा जेवण होतांच चहा घेऊं नये. त्यांतील तुरट द्रव्यांमुळें भाजीभाकरींतील लोह अंगीं कमी लागतें. वाढत्या मुलींस व त्यांच्या मातांस हें विशेष लागू आहे. तासाभरानें घेतलेला चहा कांहीं कमी गोड लागत नाहीं.

परंतु आमचा मुख्य मुद्दा याहून निराळा आहे. एकदां आम्ही नववीच्या वर्गास पुसलें, "घरांत सर्वांच्या शेवटीं चहा कोण घेतें?" बहुतेक हात वर झाले व उत्तर एकच आलें : आई. "तो गरम असतो काय?" असें विचारतांच वर्ग गप्प झाला. जी सर्वांस वाफाळलेला कप देते, तिच्या वांट्यास निवालेला उरतो. आणि तें आपल्या ध्यानांतही येत नाहीं, कारण चहा होतो कसा हेंच आपणांस ठाऊक नसतें. जें काम आपण स्वतः कधीं केलें नाहीं, त्याचे कष्ट आपणांस दिसत नाहींत.

म्हणून पालकांस विनंति कीं, मुलगा स्वयंपाकघरांत शिरला तर त्यास हंसूं नये. जवळ उभें राहून हात कसा धरावा, आधण कसें ओळखावें, हें दाखवावें. आणि विद्यार्थ्यांनो, येत्या सुटींत एके दिवशीं सकाळीं आईच्या आधीं उठा. पाणी मोजा, आधण येऊं द्या, तीन मिनिटें थांबा, आणि पहिला कप तिच्या हातीं द्या. ती तो बसून संपवीपर्यंत तिला दुसरें कांहीं मागूं नका. आम्ही हें शिकलों तेव्हां चाळिशी उलटली होती. तुम्हांस इतका उशीर करण्याचें कारण नाहीं.