विमान एका तासाचं, पण बीडपासून मोजा!

मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर. विमानाला तास लागतो. पण मित्रहो, हा हिशोब बीडकरांचा नाही! बीडहून चिकलठाणा विमानतळ साधारण १२५ किलोमीटर, म्हणजे गाडीनं अडीच तास. तिथं दीड तास आधी हजर राहा. मुंबईत उतरून बाहेर पडायला अर्धा तास. झाले की साडेपाच तास!

म्हणूनच 'बीडला विमानतळ' म्हटलं की टाळ्या पडतात. पण जरा शेजारी बघा. लातूरला धावपट्टी आहे, धाराशिवलाही आहे. रोजचं प्रवासी विमान कुठंय?

अहिल्यानगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची रेल्वे १९९५ ला मंजूर झाली. बीडला गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडलं. तीस वर्षं! ऊसतोडीला जाणारी जोडपी, घाटीत पेशंट नेणारी माणसं, पुण्यात शिकणारी पोरं, यातलं कोण विमानात बसणार आहे, सांगा ना!

विमानतळाला विरोध नाही. पण आधी परळीपर्यंत रूळ पूर्ण करा, सोयीच्या वेळेला गाड्या सोडा. धावपट्टीचा नारळ मग फोडा, आम्हीच आणून देऊ!

पटलं तर शेअर करा.