मधुचंद्राचे बेट आणि डोंगराची बाजू

मधुचंद्रासाठी बेट निवडताना बहुतेक जोडपी पाण्याकडे पाहतात. पाणी किती निळे, किती उथळ, खोलीच्या पायऱ्या थेट त्यात उतरतात की नाही, यावर निवड ठरते आणि ती सहसा मालदीववर येऊन थांबते. निवांत पडून राहायला निघालेल्या जोडप्याला ही कसोटी पुरते. पण पायाला भिंगरी असलेल्या, एरवी रविवार गाठून सह्याद्रीत हिंडणाऱ्या जोडप्यालाही तीच लावली जाते आणि तिथे ती चुकते. अशा जोडप्याने आधी बेटाची उंची पाहावी, मग पाणी.

मालदीवच्या बाजूने सांगितले जाते ते असे. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत आठवडाभर तिष्ठून वधूवर थकलेले असतात, त्यांना डोंगर चढायला लावणे म्हणजे जुलूम. साहसच हवे असेल तर रिसॉर्टमध्ये जेट स्की, पॅरासेलिंग, कयाक, स्नॉर्केलिंग सगळे हात जोडून उभे आहे. शिवाय एका बेटावर एकच रिसॉर्ट, त्यामुळे तिथला एकांत इतरत्र मिळणे नाही. आणखी एक मुद्दा आहे, तो म्हणजे पाण्याखालचा मालदीव. माहितीपत्रकांत तो कोपऱ्यात असतो, पण वजन सर्वांत जास्त त्याचेच आहे. त्याला उत्तर देण्याआधी बाकीच्यांचा समाचार घ्यायला हवा.

मालदीव सपाट का, हे पाहिले की अर्धा वाद मिटतो. हिंदी महासागराच्या तळाखाली लाव्हा ओकणारी एक तप्त जागा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग तिच्यावरून सरकत होता, तेव्हा बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर साचून दख्खनचे पठार आणि सह्याद्रीचा काळा कातळ घडला. भूभाग उत्तरेकडे सरकत गेला, तप्त जागा मागे राहिली. तिने पुढे लक्षद्वीप-मालदीवची ज्वालामुखींची रांग उभी केली, फार नंतर मॉरिशस उभारला, आणि आज ती रियुनियन बेटाखाली धगधगते आहे. मालदीवचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंडावले, खचत खचत समुद्रात बुडाले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिला. बुडत्या डोंगराभोवती प्रवाळाचे कंकण उरते, ही उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ च्या आपल्या पुस्तकात मांडली होती. म्हणून मालदीवच्या सुमारे बाराशे बेटांवर नैसर्गिक जमीन कुठेही अडीच मीटरच्या वर फारशी जात नाही. मॉरिशसचे वय ऐंशी-नव्वद लाख वर्षे आणि सर्वोच्च माथा ८२८ मीटर. रियुनियन पाण्यावर येऊन जेमतेम वीस लाख वर्षे झाली, आणि त्याचे पितों दे नेज हे शिखर सुमारे ३,०७० मीटर आहे, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या दुपटीला थोडेच कमी. हरिश्चंद्रगड चढणाऱ्या जोडप्याला तिथे आपल्याच कातळाचे शेंडेफळ भेटते.

सपाट बेटावर ओढा नसतो, दरी नसते, दाट जंगल नसते. रिसॉर्टच्या बेटाला फेरी मारायला बहुधा पाव ते अर्धा तास पुरतो. मग उरतात ते वेळापत्रकातले खेळ. जेट स्कीवर कष्ट इंजिन करते, पॅरासेलिंगमध्ये बोट ओढते, बनाना राइडवर तर पडणे एवढेच काम प्रवाशाकडे असते. कयाक आणि स्नॉर्केलिंग हे सन्माननीय अपवाद. बाकीची गंमत मालवण, तारकर्ली आणि कळंगुटच्या किनाऱ्यावरही मिळते आणि तिला पासपोर्ट लागत नाही. ज्यांना वाट शोधायची आहे, दम लागेपर्यंत चढायचे आहे, त्यांना पंधरा मिनिटांच्या तिकिटावर विकलेले साहस दुसऱ्या दिवशीच आळणी लागते.

एकांताचे म्हणाल तर जेटीच्या दोन्ही बाजूंना ओळीने बांधलेल्या खोल्या आणि तिन्ही वेळा त्याच भोजनगृहात दिसणारे तेच चेहरे, हा एकांत मोजूनमापून दिलेला असतो. कंटाळा आला तर उठून पलीकडच्या गावात जाऊन चहा प्यावा, तर मध्ये समुद्र. दूरच्या कंकणद्वीपांवर नेणारी समुद्रविमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. त्यामुळे संध्याकाळी मालेला उतरलेल्या जोडप्याला पहिली रात्र तिथल्याच हॉटेलात काढावी लागते.

थकव्याचा मुद्दा खरा आहे. पण त्यावर उपाय तारीख हा आहे, बेट नव्हे. लग्नानंतर लगेच निघण्याऐवजी चार-पाच दिवस घरी काढले, झोप भरून काढली की लग्नाचा शीण जातो. तो शीण जागरणाचा आणि उभे राहण्याचा असतो, चालण्याचा नसतो. कुलदैवत जेजुरीला असेल तर नवरदेवाला नवरीला उचलून काही पायऱ्या चढाव्या लागतातच, आणि त्यावर कोणी जुलूम म्हणून ओरडत नाही.

आता डोंगराची बाजू. रियुनियन हा १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हा आहे. क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे ठाणे जिल्ह्याहूनही लहान. पण मध्यभागी जुना ज्वालामुखी खचून आणि झिजून सिलाओस, सालाझी आणि माफात ही तीन प्रचंड खोरी झाली आहेत, आणि आग्नेयेला पितों द ला फुर्नेज हा जगातल्या अत्यंत सक्रिय ज्वालामुखींपैकी एक आहे. हा डोंगराळ गाभा २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. पायवाटांची एकूण लांबी नऊशे किलोमीटरच्या वर जाते, आणि त्या नीट आखलेल्या, खुणा केलेल्या आहेत.

त्यातले माफात पाहावे. या खोऱ्यात मोटररस्ता नाही. वस्त्या आहेत, शाळा आहे, छोटी दुकाने आहेत, पण जायचे तर पायी किंवा हेलिकॉप्टरने. सिमेंट, पत्रे, गॅसच्या टाक्या असे जड सामान हेलिकॉप्टरच आणते. सालाझीच्या बाजूने खिंड ओलांडली की दोनेक तासांत ला नूव्हेल ही मोठी वस्ती लागते. तिथे गावकऱ्यांच्या घरगुती निवाऱ्यांत राहता येते आणि रात्रीच्या जेवणात भात, मसूरसारखी कडधान्ये आणि कोंबडीची किंवा सॉसेजची झणझणीत भाजी मिळते. भाजीला ते कारी म्हणतात. उसाच्या मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांचा हात तिच्यात आहे, त्यामुळे परक्या मुलखात तिसऱ्या दिवशी येणारी वरणभाताची आठवण इथे जरा उशिराने येते.

पितों दे नेजची नेहमीची रीत अशी: दुपारी सिलाओसच्या वरून चढायला लागायचे, संध्याकाळी अडीच हजार मीटरच्या आसपासच्या मुक्कामी पोचायचे, पहाटे तीन-चारला विजेऱ्या डोक्याला बांधून निघायचे आणि सूर्य उगवताना माथ्यावर असायचे. मे-जूनमध्ये वर कडाक्याची थंडी असते. मुक्कामाच्या जागी एका खोलीत अनेक जणांचे पलंग असतात. मधुचंद्राला सार्वजनिक धर्मशाळेत कोण झोपतो, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर एवढेच की ती एकच रात्र आहे. ज्यांना तीही नको, त्यांना सँ-ल्यूच्या डोंगरउतारावरून पॅराग्लायडिंगने थेट किनाऱ्यावर उतरता येते, किंवा सिलाओसच्या घळींमध्ये दोर लावून धबधब्यांतून खाली येता येते.

रियुनियनची उणी बाजू लपवण्यात अर्थ नाही. तिथला समुद्र पोहण्यासाठी वाईट आहे. २०११ पासून शार्कचे हल्ले वाढले आणि २०१३ पासून प्रवाळाआडची उथळ खाजणे व देखरेखीखालच्या जागा सोडून इतरत्र पोहण्यावर आणि सर्फिंगवर बंधने आली. चलन युरो आहे, म्हणजे खर्च युरोपच्या मापाने. शेंगेन व्हिसा हातात असला म्हणून इथला प्रवेश गृहीत धरता येत नाही, त्याची चौकशी वेगळी करावी लागते.

समुद्राची उणीव मॉरिशस भरून काढतो, आणि दोहोंत विमानाने पाऊण तासाचेच अंतर आहे. मॉरिशसला मुंबईहून थेट विमान जाते. नैऋत्य टोकाचा ५५६ मीटरचा ल मॉर्न हा डोंगर पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता आणि २००८ पासून तोही जागतिक वारसा आहे. वाट आधी रुंद आणि सोपी आहे, शेवटच्या टप्प्यात मात्र हातांचा आधार घेत कातळ चढावा लागतो. पायथ्याच्या खाजणात वारा भरवशाचा असल्याने काइटसर्फिंग करणारे जगभरातून येतात. कोकणातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांचा मराठी समाज इथे आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, पण तेवढ्यासाठी कोणी मॉरिशस निवडू नये.

निवडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे हंगाम. लग्ने तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढाच्या आत उरकतात. म्हणजे मधुचंद्राचे दोन मोसम पडतात, डिसेंबर ते फेब्रुवारी आणि एप्रिलअखेर ते जून. एकच बेट दोन्हींना चालेल असे धरणे ही मोठी चूक आहे. मॉरिशस आणि रियुनियनवर डिसेंबर ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ असतो. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने रियुनियनला झोडपले आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगल्या. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस गारान्स वादळ रियुनियनवर आदळले. मे-जूनमध्ये तीच बेटे कोरडी, थंड आणि चालायला उत्तम असतात. बालीची हीच गत आहे. जानेवारीत तिथे ऐन पाऊस असतो, आणि शेजारच्या लोंबोकवरचा ३,७२६ मीटरचा रिंजानी ज्वालामुखी पावसाळ्यात चढाईसाठी बंद ठेवतात. तरीही थंडीतल्या लग्नांना बालीची पॅकेजे धडाक्यात विकली जातात आणि जोडपी हॉटेलच्या छपरावरचा पाऊस ऐकत बसतात.

थंडीतल्या लग्नाला श्रीलंका घ्यावी. मुंबईहून कोलंबो अडीच तासांवर आहे, आणि जानेवारी ते मार्च दक्षिण-पश्चिम किनारा व डोंगराळ भाग दोन्ही साधारण अनुकूल असतात. २,२४३ मीटरच्या श्रीपाद शिखराची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत चालते. नल्लतण्णीहून मध्यरात्रीनंतर हजारो पायऱ्या चढायला सुरुवात होते. वाट दिव्यांनी उजळलेली, कडेला चहाची दुकाने, आजूबाजूला म्हाताऱ्याकोताऱ्या बायका काठी टेकत चाललेल्या. सूर्य वर आला की शिखराची त्रिकोणी सावली पश्चिमेच्या ढगांवर पडलेली दिसते. गर्दी असते, आणि शनिवार-रविवार व पौर्णिमा टाळल्या नाहीत तर ती वारीसारखी असते. बाकी चहाच्या मळ्यांतून एल्लाभोवतीच्या वाटा, कितुलगला इथे केळणी नदीतले राफ्टिंग, वेलिगामाच्या सौम्य लाटांवर सर्फिंगचे पहिले धडे, एवढे सगळे दहा दिवसांत बसते. उन्हाळ्यातल्या लग्नाला श्रीलंकेचा पूर्व किनारा चालतो, पण मग श्रीपाद आणि दक्षिण किनारा सोडून द्यावा लागतो.

अंदमान डोंगर आणि समुद्र या दोहोंच्या मधे येते. व्हिसा नाही, परकीय चलन नाही, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हवा चांगली. उत्तर अंदमानातले ७३२ मीटरचे सॅडल पीक घनदाट जंगलातून चढता येते, पण दिगलीपूरपर्यंत जाण्यात दिवस मोडतो म्हणून पॅकेजवाले त्याचे नाव काढत नाहीत. बारातांगच्या गुहांची सहल मात्र हौसेने विकतात. ती जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते, आणि माणसे गाडीच्या काचेतून पाहणे हे साहसात बसत नाही. अंदमानची खरी ताकद स्वराज द्वीपावरचे स्कूबा आहे. तिथे तीन-चार दिवसांत अठरा मीटरपर्यंत उतरण्याचे प्राथमिक प्रमाणपत्र मिळवता येते. एका फोटोपुरती डुबकी मारण्यापेक्षा दोघांनी मिळून काही शिकून येणे जास्त मोलाचे.

इथेच मालदीवचा राहिलेला मुद्दा येतो, आणि तो मान्य करावा लागतो. जोडपे आधीच स्कूबा शिकलेले असेल तर उंचीची कसोटी त्यांना लागू नाही, कारण त्यांचा डोंगर पाण्याखाली आहे. बा कंकणद्वीपातल्या हनिफारू खाडीत जून ते नोव्हेंबरच्या दरम्यान मांटा माशांचे थवे जमतात, तिथे टाकी लावून उतरायला बंदी असल्याने ते स्नॉर्केल लावूनच पाहावे लागतात. दक्षिण आरीत वर्षभर व्हेल शार्क दिसतो, फुवहमुलाला टायगर शार्क. पण ही मंडळी पाण्यावरच्या खोलीत राहत नाहीत. ती आठवडाभर डुबक्यांच्या बोटीवर राहतात, किंवा स्थानिक वस्तीच्या बेटांवरच्या अतिथिगृहांत, जिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांना ठराविक किनाराच मोकळा असतो. साहसी मालदीव हा असा आहे, आणि मधुचंद्राच्या पॅकेजमध्ये तो विकला जात नाही.

डोंगर आणि डुबकी दोन्ही असतील तर क्रम महत्त्वाचा. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधी उंचावर गेल्यास तो बुडबुड्यांच्या रूपाने सुटून सांधे, मज्जारज्जू यांना इजा करतो. म्हणून अनेक डुबक्यांनंतर विमानात बसायला किमान अठरा तास थांबायचा दंडक आहे, आणि बरीच केंद्रे पूर्ण दिवस सांगतात. हाच धोका सकाळी डुबकी मारून दुपारी गाडीने घाटमाथा गाठणाऱ्यालाही असतो. तेव्हा चढाई आधी, समुद्र नंतर आणि परतीचा आदला दिवस कोरडा. प्रवासविमा घेताना स्कूबाची खोली आणि चढाईची उंची किती मीटरपर्यंत धरली आहे ते कलमांत वाचून घ्यावे, कारण साध्या विम्यातून दोन्ही बहुधा वगळलेली असतात.