जुन्या गाडीचे पुढचे पाय

महाडच्या एका वाचकांनीं आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. तो एकाच घरापुरता नसल्यामुळें या महिन्याचें पान त्यासच द्यावयाचें आम्हीं ठरविलें आहे. त्यांच्या घरीं तीर्थरूपांनीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. २०२१ च्या जुलैंत सावित्री व गांधारी या नद्यांचें पाणी गांवांत शिरलें, तेव्हां अंगणांतील ही गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर घरच्यांनीं इंजिन उघडून साफ करविलें, गाद्या बदलल्या, रंगही दिला. परंतु आतां पोलादपुराहून आंबेनळी घाट चढूं लागलें कीं स्टिअरिंग हातांत स्थिर राहत नाहीं. उतरतांना ब्रेक दाबला कीं गाडी डावीकडे ओढते. आणि चाक खड्ड्यांत गेलें कीं पुढून खट् असा आवाज येतो. चिरंजीव म्हणतात, गाडी भंगारांत द्यावी. आजोबा म्हणतात, हिच्यांतून आम्हीं वाईस वऱ्हाड नेलें आहे. आणि सूनबाईंचें म्हणणें असें कीं, द्या अथवा ठेवा, पण मुलांना घेऊन मी या गाडींतून घाट उतरणार नाहीं.

या तीन पक्षांपैकीं सूनबाईंचा पक्ष आम्हांस सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतो, म्हणून प्रथम त्याचाच विचार करूं.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे आणि पोलादपूर घाटाच्या तळाशीं. दोहोंमधील रस्ता सुमारें ४० किलोमीटरांचा. एवढी उंची एवढ्या अंतरांत उतरतांना गाडीचा भार सारखा पुढच्या चाकांकडे झुकत असतो. ब्रेक दाबला कीं तो आणखी पुढें येतो. आणि वळणावर त्यांतील मोठा वांटा एकट्या बाहेरच्या चाकास पेलावा लागतो. २८ जुलै २०१८ रोजीं याच घाटांत दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस दरींत कोसळून तीस माणसें दगावलीं. त्या अपघाताचा पुढच्या चाकांच्या जोडणीशीं संबंध होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पण त्या रस्त्यावर चुकीस जागा किती थोडी आहे, हें त्या बाजूच्या माणसास सांगावयास नको. सपाटीवर जी ढिलाई नुसती कटकट वाटते, तीच घाटांत जिवावर येते.

आतां गाडीचें पुढचें अंग म्हणजे काय, तें पाहूं. बैलगाडीचा कणा एकच असतो. एक चाक धोंड्यावर चढलें कीं दुसरेंही कलतें आणि आंतील माणसाचें डोकें तट्ट्यास आपटतें. आरंभींच्या मोटारींची रचनाही अशीच होती. पोलादी कणा आणि त्यावर पाटे. पुढचीं दोन्ही चाकें एकमेकांपासून मोकळीं करून प्रत्येकास आपापल्या स्प्रिंगवर स्वतंत्र खालीं-वर होऊं देण्याची रीति १९३० नंतरच्या दशकांत सर्वत्र पसरली. पद्मिनीचें मूळ रूप म्हणजे १९५३ सालीं इटलींत निघालेली फियाट ११००. तिचे रचनाकार दान्ते जाकोसा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें ती गाडी कुर्ल्यास बांधली आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. घराघरांतून मात्र अद्याप झालेली नाहीं.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकास दोन भुजा असतात. मिस्त्री लोक त्यांस वरचा आर्म व खालचा आर्म म्हणतात. भुजांचीं मुळें गाडीच्या अंगास बुशांवर बसविलेलीं असतात आणि टोंकें एका उभ्या खांबास जोडलेलीं असतात. त्या खांबांतून जी पोलादी पिन जाते ती किंगपिन. चाक डावीउजवीकडे वळतें तें या पिनेभोंवतीं. तिची जाडी हाताच्या अंगठ्याहून फारशी नसते. आणि तीवर बसून आपण सहकुटुंब सहपरिवार घाट उतरत असतों! आर्म व गाडीचें अंग यांमध्यें दाबून बसविलेली वेटोळ्याची स्प्रिंग धक्का घेते, आणि तेलाचा शॉक त्या स्प्रिंगचें नाचणें आवरतो. ज्यांच्या घरीं अ‍ॅम्बॅसडर आहे त्यांस वेटोळें दिसणार नाहीं. तेथें लांब पोलादी दांडी पिळली जाऊन स्प्रिंगचें काम करते.

पुराच्या पाण्यानें या भागाचें काय होतें? इंजिनांत पाणी गेलें तर गाडी चालतच नाहीं, म्हणून त्याची दखल त्याच दिवशीं घेतली जाते. किंगपिनेच्या बुशांत पाणी गेलें तरी गाडी चालते, आणि हाच खरा घात आहे. सावित्रीचा गाळ अतिशय बारीक. तो ग्रीसमध्यें मिसळला कीं त्याचें उटणें बनतें, आणि मग स्टिअरिंगच्या प्रत्येक वळणाबरोबर पिन सहाणेवरच्या खोडाप्रमाणें उगाळली जाते. रंग देणाऱ्यास हें दिसत नाहीं. आमच्याकडे पुराच्या गाड्यांची डागडुजी बहुधा वरून खालीं केली जाते. ती खालून वर व्हावयास हवी होती.

परीक्षा घरच्या घरीं होते, आणि तीस दोन माणसें पुरतात. मागच्या चाकांस दगड लावावे, जॅकनें पुढचें एक चाक जमिनीपासून उचलावें, आणि तें वर व खालीं अशा दोन ठिकाणीं धरून हलवावें. खुळखुळ जाणवल्यास दुसऱ्यानें आंत बसून ब्रेक घट्ट दाबावा. ब्रेक दाबतांच खुळखुळ थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिली तर तो किंगपिनेचा किंवा आर्मच्या बुशांचा. मग चाक डावीउजवीकडून धरून हलवावें; तेथील ढिलाई बहुतकरून टायरॉडच्या टोंकांची किंवा स्टिअरिंगच्या पेटीची असते. चाक खालीं घेतल्यावर बॉनेटचा कोपरा दाबून सोडावा. गाडी एकदां वर येऊन थांबली तर शॉक ठीक, डोलत राहिली तर तो गेला. टायरही बोलतो: एकच कड झिजली असेल तर चाक उभ्या रेषेंत कललेलें आहे. आमच्या वाचकांची गाडी ब्रेकबरोबर डावीकडे ओढते, याचें कारण मात्र ब्रेकमध्येंही असूं शकेल. उजव्या ड्रममध्यें तेल गळत असलें तरी हेंच लक्षण दिसतें. तेव्हां दोन्ही ड्रम उघडून पाहिल्यावांचून सगळा दोष पिनेच्या माथीं मारूं नये.

यापुढची परीक्षा निर्णायक आहे. पद्मिनीस ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाहीं. तिचें पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. जेथें आर्म व स्प्रिंगा अंगास टेकतात तेथील माती खरवडून काढावी आणि जाड स्क्रूड्रायव्हरनें पत्रा टोंचून पाहावा. ठणठणीत आवाज आला तर पुढील सर्व खर्च सार्थ आहे. पत्रा पापडासारखा आंत गेला आणि गंज मुळापर्यंत पोंचलेला दिसला, तर चिरंजीवांचें म्हणणें खरें मानून गाडीस निरोप द्यावा. कुजलेल्या तुळईस नवी कडी लावून झोपाळा टांगण्यांत शहाणपणा नाहीं. आजोबांस हें सांगणें कठीण जाईल खरें, परंतु टोंचणीचा आवाज त्यांना स्वतःस ऐकूं द्यावा. जुन्या मंडळींस भावनेपेक्षां पुरावा लवकर पटतो, असा आमचा तरी अनुभव आहे.

पत्रा शाबूत आहे असें धरून पुढें जाऊं. हें काम घरीं करूं नये, कसलेल्या मिस्त्रीकडे द्यावें. आणि त्याचें कारण स्प्रिंग हें आहे. ती दाबलेल्या स्थितींत बसविलेली असते. आर्मचा बोल्ट बेसावधपणें काढला तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते आणि समोरच्याचा हात किंवा डोकें घेऊन जाते. ती आवळून धरण्याचें हत्यार मिस्त्रीजवळ आहे कीं नाहीं, आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवतां घोड्यांवर घेतली आहे कीं नाहीं, एवढें यजमानानें जातीनें पाहावें. विटा रचून केलेला आधार आम्ही आधार समजत नाहीं. ब्रेकचा ड्रम रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं देऊं नये; तो तारेनें बांधून ठेवावा.

बोल्ट गंजलेले असणारच. काम सुरू होण्याच्या दोनतीन दिवस आधींपासून सकाळ-संध्याकाळ त्यांवर गंज सोडविणारें तेल सोडीत राहिल्यास निम्मी हातोडी वांचते. प्रत्येक वस्तु निघेल त्या क्रमानें फळीवर मांडावी. कांहीं गाड्यांत आर्मच्या मुळाशीं पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. त्या कचरा वाटून फेंकल्या जातात. वस्तुतः चाकाचा कल त्यांवरच ठरलेला असतो. कोणत्या बाजूच्या किती निघाल्या हें लिहून ठेवावें. फोनवर छायाचित्रें घेण्याचें काम घरांतील मुलांकडे द्यावें, तीं तें आनंदानें करतात.

किंगपिन काढल्यावर ती नुसत्या डोळ्यांनीं पाहून भागत नाहीं. ती सगळीकडून सारखी झिजत नाहीं. भार एका अंगानें येत असल्यामुळें जेथें बुश बसतो तेथें ती लांबट होते. मायक्रोमीटर एका दिशेनें लावावा, मग पिन काटकोनांत फिरवून पुन्हां लावावा. दोन मापांतील फरक हीच तिची झीज. पिन झिजली असेल तर तीबरोबर बुशही बदलावे. नुसते बुश बदलून जुनी पिन ठेवणें म्हणजे फाटक्या धोतरास नवें ठिगळ. नवे बुश दाबून बसविल्यावर त्यांचें भोंक रीमरनें साफ करावें लागतें, आणि वरच्या व खालच्या दोन्ही बुशांतून तो रीमर एकाच रेषेंत गेला पाहिजे. येथें लेथवाल्याचा हात कळतो. पिन कोरडी असतां अंगठ्याच्या दाबानें आंत सरकावी, तरी खुळखुळूं नये. ज्यास हातोडीनें पिन ठोकण्याची घाई आहे त्याच्या दुकानांतून गाडी परत आणावी.

आर्मच्या रबरी बुशांविषयीं एक बारीक गोष्ट सांगतों, जी पुष्कळ चांगले मिस्त्रीही विसरतात. गाडी घोड्यांवर असतां चाकें खालीं लोंबत असतात. त्या स्थितींत हे बोल्ट पक्के आवळले तर रबर त्याच कोनांत धरलें जातें, आणि गाडी जमिनीवर येतांच तें कायमचें पिळलेलें राहतें. मग नवे बुश थोड्याच दिवसांत फाटतात आणि दोष दुकानदारावर जातो. बोल्ट आधीं सैल लावावे, गाडी चाकांवर उभी करून तिचें वजन पूर्ण बसूं द्यावें, आणि मगच आवळावे. स्प्रिंगा व शॉक बदलावयाचे झाल्यास जोडीनें बदलावे. नटांच्या स्प्लिट पिना नव्याच घालाव्या. त्यांत वांचवावयाचे पैसे ते किती!

सुट्या भागांसाठीं मुंबईस कुर्ल्याच्या बाजारांत जावें लागेल. तेथें जुना भाग सोबत न्यावा व मापास माप लावून घ्यावें. रबर नखानें दाबून पाहावें. ज्यावर नख उठून तसेंच राहतें किंवा जें कडक झालें आहे, तें नवें असलें तरी नको. रंगावर जो पैसा खर्च झाला आहे तो या कामावर आधीं व्हावयास हवा होता असें कोणी घरांत म्हणेल. तो वाद आतां वाढवूं नये. एवढें मात्र लक्षांत असावें कीं, पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, आणि तेव्हां तपासनिसानें स्टिअरिंग हलवून पाहिलें तर रंग कामीं येत नाहीं.

ग्रीसचें काम मात्र घरचें आहे, आणि तें मिस्त्रीवर सोपवूं नये. किंगपिनेच्या निपलास ग्रीसगन लावून, जुनें काळें ग्रीस बाहेर पडून नवें स्वच्छ ग्रीस दिसूं लागेपर्यंत भरावें. कोंकणच्या पावसांत हें पावसाळ्याच्या आधीं एकदां व नंतर एकदां तरी झालें पाहिजे. दसऱ्यास गाडीस झेंडूची माळ घालतांना ग्रीसगन हातीं घेणारें घर आम्हीं अजून पाहिलें नाहीं. या घरानें तो पायंडा पाडावा.

सगळें जुळल्यावर चाकांची दिशा यंत्रावर लावून घ्यावी. मग थेट घाटांत जाऊं नये. महाड ते पोलादपूर हा महामार्गाचा सुमारें १८ किलोमीटरांचा पट्टा प्रथम एकट्यानें, रिकाम्या गाडीनें, बेतानें काटावा. मोकळा रस्ता पाहून स्टिअरिंगवरील पकड क्षणभर सैल करावी, आणि गाडी सरळ जाते कीं कोठें वळते तें पाहावें. परत आल्यावर ड्रमांना हात लावून एकच जास्त तापला आहे काय, तें तपासावें. शंभर-दोनशें किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हां एकदां आवळवून घ्यावे. त्यानंतर आंबेनळी, तोही कोरड्या दिवशीं, उजेडांत, उतरतांना दुसऱ्या गिअरमध्यें. सूनबाईंस तिसऱ्या खेपेस बरोबर न्यावें, आणि त्यांनीं तेव्हांही नको म्हटलें तर कारण विचारून घ्यावें. कदाचित् त्यांना कोठला तरी आवाज ऐकूं येत असेल.