स्कॅनर धडधाकट आहे, मग लिनक्सला तो दिसत का नाही?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य कॉम्प्युटर अचानक 'जुने' ठरले. अनेकांनी त्यावर उपाय म्हणून उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं.

ब्राउझर चालतो, मेल चालतो, ऑफिसच्या फायली उघडतात. मग एक दिवस शाळेचा दाखला ऑनलाइन अर्जाला जोडायची वेळ येते आणि स्क्रीनवर दिसतं: एकही स्कॅनर सापडला नाही.

कालपर्यंत हेच यंत्र विंडोजवर चालत होतं. मग आज काय बिघडलं? बहुतेक वेळा यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं.

'दिसत नाही' म्हणजे नेमकं काय?

स्कॅनर सापडण्याचे तीन टप्पे असतात. कुठल्या टप्प्यावर गाडी अडली आहे हे कळलं, की अर्धं काम झालं.

पहिला टप्पा: कॉम्प्युटरला यूएसबीवर काही जोडलंय हे कळतंय का? टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. जोडलेल्या उपकरणांची यादी येते. या यादीत दिसण्यासाठी ड्रायव्हर लागत नाही. त्यामुळे इथेच स्कॅनर नसेल तर आधी केबल, पोर्ट आणि वीजपुरवठा तपासा. मध्ये यूएसबी हब असेल तर तो काढून थेट जोडून पाहा.

दुसरा टप्पा: यादीत नाव आहे, पण त्या यंत्राशी बोलायचं कसं हे लिनक्सला माहीत आहे का? हे काम 'सेन' नावाची मुक्त प्रणाली करते. तिच्यात वेगवेगळ्या स्कॅनरांसाठी वेगवेगळे 'बॅकएंड' असतात. बॅकएंड म्हणजे त्या यंत्राची भाषा जाणणारा दुभाषी. 'सेन'च्या वेबसाइटवर मॉडेलनुसार यादी आहे. कुठलं यंत्र पूर्ण चालतं, कुठलं जेमतेम चालतं आणि कुठलं अजिबात नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. हाताळणी करण्यापूर्वी ही यादी पाहिली तर तासन्तास वाचतात.

तिसरा टप्पा: परवानगी. 'स्कॅनइमेज' ही कमांड दिल्यावर, एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि मोठा 'एल' लिहा. 'सेन'ला सापडलेले स्कॅनर दिसतात. साध्या खात्यातून काहीच दिसत नाही, पण तीच कमांड 'सुडो' लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारांनी दिली की दिसतं, असं झालं तर ड्रायव्हर ठीक आहे. फक्त तुमच्या खात्याला यंत्र वापरण्याची मुभा नाही. अनेकदा खातं 'स्कॅनर' किंवा 'एलपी' या गटात जोडून, लॉग-आउट करून परत लॉग-इन केलं की काम होतं.

वाय-फायवरचा स्कॅनर असेल तर आणखी दोन गोष्टी पाहा. कॉम्प्युटर आणि स्कॅनर एकाच नेटवर्कवर आहेत का? आणि फायरवॉल शोध अडवत नाही ना? राउटरचं 'गेस्ट' नेटवर्क बहुधा उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही.

चूक कोणाची?

इथे लिनक्सला नावं ठेवणं सोपं आहे. पण 'सेन'चे अनेक बॅकएंड स्वयंसेवकांनी लिहिले आहेत, आणि कंपनीने माहिती दिली नाही तेव्हा यंत्राचं वागणं निरखून लिहिले आहेत. काही स्कॅनर चालू होताना कॉम्प्युटरकडून फर्मवेअरची फाइल मागतात. ती फाइल कंपनीच्या मालकीची असल्याने लिनक्ससोबत वाटता येत नाही. एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, तरी काही मॉडेलना कंपनीचा वेगळा बंदिस्त प्लगइन लागतो.

उलटी उदाहरणंही आहेत. कॅननच्या लाइड २० आणि लाइड ३० या जुन्या स्कॅनरांसाठी कंपनीने ६४-बिट विंडोजचा ड्रायव्हर दिलाच नाही. 'सेन'मध्ये मात्र त्यांना आधार आहे. म्हणजे कंपनीने सोडून दिलेलं यंत्र मुक्त सॉफ्टवेअरने चालू ठेवलं.

हा वाद नवा नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर होता. तो अडकला की सर्वांना सूचना जावी, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. सोर्स कोड मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. त्यामागच्या कारणांमध्ये ते हा अनुभवही सांगतात.

आता काय बदलतंय?

चांगली बातमी ही, की 'प्रत्येक मॉडेलला वेगळा ड्रायव्हर' ही पद्धत मागे पडते आहे. 'ईएससीएल' या सामाईक पद्धतीने बोलणारे स्कॅनर ड्रायव्हरशिवाय चालतात. २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ मध्ये ही सोय मुळातच होती. 'आयपीपी-यूएसबी' हा प्रोग्रॅम असेल तर अशी यंत्रं केबलवरही चालतात. प्रिंटरबाबत विंडोजही याच दिशेने निघालं आहे. कंपन्यांचे जुने प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच केली.

पण याचा फायदा मुख्यतः नव्या यंत्रांना होतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा स्कॅनर अजूनही त्या एका बॅकएंडवरच अवलंबून असतो.

मग तुम्ही काय करावं?

नवं ऑल-इन-वन घेत असाल तर खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' लिहिलंय का पाहा. स्कॅनची सोय असलेली अशी बहुतेक यंत्रं लिनक्सवर चालतात. तरी नेमकं मॉडेल यादीत शोधून मगच पैसे द्या.

विंडोज काढण्याचा विचार असेल, तर आधी लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करा. इन्स्टॉल न करता स्कॅनर जोडून पाहता येतो.

आणि जुना स्कॅनर भंगारात देण्यापूर्वी वरचे तीन टप्पे एकदा तपासा. दोष केबलचा किंवा परवानगीचा निघाला, तर दुरुस्तीला फारसा खर्च नाही.