शिदोरीची राखण कोणी करायची?

शेगावी गजानन महाराजांच्या दर्शनास येणाऱ्या भाविकाच्या गाठोड्यात पूर्वी शिदोरी असे आणि कनवटीला चार पैसे असत. वाटमारीचे भय असे ते तेवढ्याचेच. आज लोणारचे सरोवर पाहावयास येणारा पर्यटक काय किंवा मेहकर-चिखलीहून रात्रीच्या बसने पुण्यास निघणारा मजूर काय, घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच आपले नाव, मोबाइल क्रमांक, आधार कार्डाचे छायाचित्र आणि पैसे भरण्याचा तपशील कोणाच्या तरी स्वाधीन करून मोकळा होतो. हा 'कोणीतरी' कितपत भरवशाचा, हे मात्र तो विचारीत नाही. आणि विचारले तरी उत्तर मिळण्याची सोय नाही.

1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर खासगी बस जळून 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. माहितीच्या चोरीची तुलना त्या हानीशी करण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु बसचे योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांविषयी निदान विचारता तरी येते. प्रवाशाच्या माहितीच्या रक्षणाबाबत तसा कोणताही दाखला त्याच्यापुढे येत नाही. भाड्याची तुलना होते, आसनाची होते. जोखमीची होत नाही.

ती करावयाची कशी? ज्या कंपनीत अधिक चोऱ्या उघड झाल्या ती अधिक धोक्याची, हा सोपा हिशेब फसवा आहे. ऑगस्ट 2022 मध्ये व्यवसाय सुरू करून महिनाही लोटला नसताना 'अकासा एअर'ची प्रवासी-माहिती फुटली. ते तिने स्वतःहून 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेस कळविले. अशा कबुलीचे गुण वजा करावयाचे असतील, तर मौन पाळणाराच साव ठरेल.

दुसरी गोष्ट कंत्राटदारांची. 2021 मध्ये एअर इंडियासह अनेक विमान कंपन्यांच्या प्रवाशांची माहिती जगभर मिळून सुमारे 45 लाख लोकांच्या संदर्भात फुटली. ती एअर इंडियाच्या कार्यालयातून गेली नव्हती. प्रवासी-सेवेचे काम पाहणाऱ्या 'सिटा' या कंपनीकडून गेली. शिवाय ती ऑगस्ट 2011 पासूनची, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांची होती. मॅरियट या हॉटेल कंपनीने 2016 मध्ये स्टारवुड विकत घेतली, तेव्हा त्या घरात 2014 पासून शिरलेला चोरही तिच्या पदरात पडला. त्याचा पत्ता 2018 मध्ये लागला आणि ब्रिटनमध्ये 2020 साली 1 कोटी 84 लाख पौंडांचा दंड झाला.

तेव्हा कसोट्या तीनच: माहिती किती घेतली व किती काळ ठेवली, ती आणखी कोणाच्या हाती दिली, आणि फुटल्यावर प्रवाशास किती लवकर कळविले. अशा घटना सहा तासांत कळविण्याचे बंधन 'सर्ट-इन'ने एप्रिल 2022 मध्ये घातले. पण ते सरकारास कळविण्याचे. संबंधित व्यक्तीस कळविण्याचे कर्तव्य 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आले. सुरक्षेतील हयगयीस 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. नियम मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

तालुक्याच्या गावी एका टेबलावर तिकिटे काढणारा दलाल म्हणेल, की हे ओझे आम्हांस पेलणारे नाही. त्याची अडचण खोटी नाही. पण जे जवळ ठेवलेच नाही ते चोरीस जात नाही, हा सर्वांत स्वस्त बंदोबस्त त्यालाही परवडणारा आहे. प्रवास संपताच आधार कार्डाचे छायाचित्र मोबाइलमधून पुसून टाकण्यास पैसा लागत नाही.

प्रवाशानेही गाफील राहू नये. केदारनाथ व चारधामच्या यात्रेकरूंना बनावट संकेतस्थळांवरून लुबाडले जात असल्याचा इशारा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये दिला होता. तीर्थक्षेत्र कोणतेही असो, भामट्यांची रीत तीच. फसवणूक होताच 1930 या क्रमांकावर कळविणे, हा उपाय शेगावच्या भाविकासही ठाऊक हवा.

परंतु सारी सावधगिरी प्रवाशाच्या माथी मारून कंपन्यांना हात झटकता येणार नाहीत. या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक तिकिटावर साध्या मराठीत छापण्याची सक्ती सरकारने करावी. मग तुलना तज्ज्ञांवाचूनही होईल. शिदोरी ज्याच्या हवाली केली, तिची राखणही त्यानेच केली पाहिजे.